काचबिंदू आहे आणि कॉर्निया बदललाय: घरी काय सांभाळायचं

इंदूरच्या मराठी घरांत सरसकट ‘डोळा बदलला’ म्हणतात. बदलते ती डोळ्याची समोरची काच, कॉर्निया. काचबिंदूनं मागची नस जेवढी वाळली, तेवढी नजर नव्या काचेनं परत येत नाही. म्हणून ऑपरेशनआधीच विचारा: नस किती शिल्लक आहे, डोळ्यातलं प्रेशर (बीपी नव्हे) आटोक्यात आहे का, आणि काचबिंदूची नळी (डोळ्यातलं पाणी बाहेर काढून प्रेशर उतरवणारी) बसवलेली असेल तर तिचं टोक कॉर्नियाला खेटून तर नाही ना? कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी पाणी उपसून काच स्वच्छ ठेवतात. नळी घासली किंवा प्रेशर चढलेलं राहिलं की त्या मरतात, पुन्हा तयार होत नाहीत, आणि काच सुजून धुरकट होते.

खरी गोची स्टेरॉइडच्या थेंबांची. शरीरानं परकी काच नाकारू नये म्हणून ते महिनोन्‌महिने लागतात, आणि काहींचं प्रेशर त्यांनीच चढतं. तरी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर त्याऐवजी फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल ही प्रेशर कमी चढवणारी स्टेरॉइड देऊ शकतात, किंवा काचबिंदूचं औषध वाढवतात.

प्रेडनिसोलोन ॲसिटेट हे स्टेरॉइड दुधाळ असतं, औषध तळाशी बसतं. बाटली नीट हलवली नाही तर डोळ्यात नुसतं पाणी पडतं. (हलवायचं विसरणारे पुष्कळ.) खालची पापणी ओढून एकच थेंब, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा २ मिनिटं दाबा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. काचबिंदूचं टिमोलॉल असेल तर हे हवंच, आणि दमा असेल तर ते सुरू करण्याआधीच सांगा. दुसरं औषध ५ मिनिटांनी, मलम सगळ्यांत शेवटी. लॅटानोप्रॉस्टची (हेही काचबिंदूचंच औषध) न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

काच जाड-पातळ असली किंवा टाक्यांनी ओढली गेली असली की प्रेशरचा आकडा चुकतो. शक्यतो दर वेळी त्याच यंत्रावर मोजून घ्या आणि तारखेसकट वहीत लिहा.

डोळा लाल झाला, उजेड खुपला, दुखलं किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी दाखवा. खडा गेल्यासारखं टोचलं तर टाका सैल झालेला असू शकतो, चोळू नका.

रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, यंदा टीव्हीवरच. गच्चीवरून बघू म्हणाल, तर टँकरच्या पाइपांचा रंग तिथवरही उडतो.