शिंगराचे डोळे पहिल्याच दिवशी बघून घ्या

फेब्रुवारी-मार्च म्हणजे घोड्या व्यायचे दिवस. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून गाभण घोडी आणलेल्यांच्या दारातही आता शिंगरू येईल. तासाभरात उभं राहिलं, दोनेक तासांत दूध प्यायला लागलं की सगळे खूश, मग पाय बघतात, रंग बघतात, भोवऱ्यांवर तर अर्धा दिवस चर्चा चालते, डोळे मात्र राहून जातात.

आधी घाबरायचं नाही ते सांगतो. डोळ्यासमोर हात नेला आणि शिंगराने पापणी मिटली नाही म्हणजे ते आंधळं नाही, ती सवय यायला साधारण दोन आठवडे लागतात. टॉर्च मारल्यावर बाहुली हळू का होईना आकसते ना, ते बघा. नजर पहिला महिनाभर थोडी खाली झुकलेली असते. पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर तो बहुतेक वेळा वितानाच्या दाबाने येतो आणि एक-दोन आठवड्यांत जातो. निळसर डोळा असला तरी नुसत्या रंगाने नजर जात नाही.

आता थांबायचं नाही ते. खालची पापणी आत वळलेली असेल तर केस बुबुळावर सतत घासतात. नवजात शिंगराला बुबुळाची जाणीव कमी असते, त्यामुळे जखम झाली तरी ते फारसं दाखवत नाही, आणि आपल्याला कळतं तेव्हा डोळ्यात फूल पडलेलं असतं. दूध कमी पिणाऱ्या, सुकलेल्या शिंगरात डोळे आत जातात आणि पापणी वळते, म्हणजे तिथे पापणीबरोबर अंगातलं पाणीही बघावं लागतं. डॉक्टर दोन-तीन तात्पुरते टाके घालून पापणी बाहेर वळवून ठेवतात, दोन-तीन आठवड्यांत बहुतेकदा काम होतं. कापाकापीचं ऑपरेशन इतक्या लहानपणी शक्यतो करत नाहीत, कोणी घाई केली तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

घरातले ड्रॉप्स टाकू नका, स्टेरॉइडवाले तर अजिबात नाही, जखम असेल तर बुबुळच फुटू शकतं. मध, काजळ, तुरटीचं पाणी पण नको. घाण असेल तर सलाईनने धुवा आणि डॉक्टर येईपर्यंत सावलीत ठेवा.

बाहुलीच्या आत पांढरं दिसलं तर जन्मजात मोतीबिंदू असू शकतो. बारीक ठिपका असेल तर तो बऱ्याचदा वाढत नाही, पण पूर्ण पांढरं असेल तर ऑपरेशन लहान वयातच केलेलं बरं, सहा महिन्यांच्या आत दाखवा. परळ किंवा शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला आधी फोन करून सोय विचारून घ्या. आणि तीच घोडी त्याच घोड्याला परत लावू नका, दोष रक्तातून आलेला असू शकतो.

डोळ्याच्या आत पिवळट-हिरवट गढूळपणा दिसला आणि शिंगरू मलूल असेल तर ते डोळ्याचं दुखणं समजून बसू नका, चीक म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध नीट न मिळाल्याने रक्तात इन्फेक्शन गेलेलं असू शकतं, त्याच तासाला डॉक्टर बोलवा, रात्र असली तरी.