शाळेची निसर्गबाग: मार्चपासून करायची तयारी

झाडं लावायच्या दिवशी माणसं भरपूर येतात. रोपं मरतात ती पुढच्या वर्षी एप्रिल-मे मध्ये, शाळेला कुलूप असताना. म्हणून रोपांचा आकडा मैदानाकडे बघून ठरवू नका, सुट्टीत मिळणाऱ्या पाण्यावरून काढा. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा 10-10 लिटर पाणी धरा. 20 रोपं म्हणजे एका वेळी 200 लिटर, आठवड्याला 400, आणि सात आठवड्यांच्या सुट्टीत 2,800 लिटर. एका वेळचं 200 लिटर दोन माणसं बादल्यांनी तासाभरात उरकतात. 50 रोपांचं काम कुणी सुट्टीभर नेटानं करत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी 20 पुरेत.

मार्चमध्ये एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या बैठकीत ठराव करून घ्या. जागा कुठली, पाणी कुठलं आणि गेटची किल्ली सुट्टीत कुणाकडे राहणार, हे तिन्ही मुद्दे त्यात स्पष्ट लिहा. पाण्याच्या पाळ्या शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या घरांनाच द्या. दर आठवड्याला दोन घरं, म्हणजे एकाकडे लग्न निघालं तरी दुसरं असतं. बोअरची वीज वेळेवर असेलच असं नाही, तेव्हा 200 लिटरचा झाकणाचा ड्रम आधीच भरून ठेवलेला बरा. खड्ड्यांचं किंवा कुंपणाचं काम पंचायतीच्या रोजगार योजनेत बसतं का, हे पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) तेव्हाच विचारा.

स्वयंसेवकांना तारखा देताना शेतीचं वेळापत्रक समोर ठेवा. खानापूर-बेळगाव भागात मे अखेरीपासून भाताची धूळवाफ (कोरड्या मातीतली) पेरणी सुरू होते, पुढे जुलैत रोप लावणी. निपाणी-चिकोडीकडे जूनमध्ये सोयाबीनची पेरणी आणि दिवाळीनंतर ऊसतोड. या दिवसांत माणूस मागितला तर मिळणार नाही, आणि त्याचा रागही धरू नये. खड्डे एप्रिलमध्ये, गावची यात्रा टाळून काढा. झाडांची लावण शेतातली पेरणी आटोपल्यावरच्या रविवारी ठेवा, माती वीतभर ओली झाल्याची खात्री करून. तरुण मंडळ, स्त्रीशक्ती संघ (बायकांचा बचत गट), माजी विद्यार्थी यांना वेगवेगळी कामं द्या. एकाच कामावर 40 जण आले की निम्मे उभेच राहतात. आठ माणसांमागे दोन पहारी, दोन टिकाव, तीन खोरी, चार बुट्ट्या असा हिशेब ठेवा.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवा. भरताना वरची माती, एक बुट्टी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड असं मिश्रण करा. कच्चं शेण अजिबात नको, त्यातून मुळं खाणारी हुमणी अळी येते. खानापूरकडच्या तांबड्या जांभ्यात पहार खडकाला लागली तर जागा चार फूट सरकवा. खडकावर लावलेलं झाड दोन पावसाळे तग धरतं आणि नंतर वाळतं. निपाणीकडच्या काळ्या जमिनीत उलटी अडचण असते, पाणी मुरत नाही आणि मुळं कुजतात. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर तिथं वीतभर उंचवटा करून त्यावर लावा. मोठी होणारी झाडं भिंतीपासून 15 फूट लांब असावीत, आणि वर विजेची तार नको.

रोपं तीन फुटांच्या आसपासची, जाड बुंध्याची घ्या. वन खात्याच्या रोपवाटिकेत एप्रिलमध्येच मागणी नोंदवा, जूनमध्ये हवी ती जात संपलेली असते. पिशवी कापल्यावर तळाशी गोल गुंडाळलेली मुळं छाटून टाका. ती तशीच राहिली तर झाड पुढे वाऱ्यानं उन्मळतं.

निवड करताना कुठलं झाड कुणाला खायला घालतं ते बघा. लिंबू आणि कडीपत्ता लावला की मॉरमॉन फुलपाखरांच्या अळ्या येतात. बाहव्यावर आणि पावसाळी टाकळ्यावर पिवळी-फिकी इमिग्रंट फुलपाखरं वाढतात, पानफुटीवर रेड पिएरो. खुळखुळ्यावर टायगर फुलपाखरांचे नर गोळा होतात. करंज, जांभूळ, आवळा प्रत्येकी एक-दोन. कुंपणाला करवंद, त्यानं शेळ्याही अडतात. लिंबाची पानं कुरतडलेली दिसली की कुणीतरी हमखास फवारणीचा पंप घेऊन येतो. त्या अळ्यांसाठीच झाड लावलंय, हे लावणीच्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा. कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड आणि गुंज प्राथमिक शाळेत नकोतच, सगळी विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, ती आवाराबाहेरच राहू दे. गाजरगवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटा.

बिसिऊटनंतर, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणानंतर, हात आणि ताटं धुतलेलं पाणी रोज मिळतं, ते वाया घालवू नये. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवून शितं अडवा, नाहीतर वास सुटतो आणि उंदीर येतात. पुढे दोन फुटांच्या खड्ड्यात खाली खडी, वर वाळू; तिथून चर काढून कर्दळ आणि केळीला पाणी सोडा. वाळू तीन-चार महिन्यांनी धुवावी लागते. पाणी तुंबायला लागलं की ती वेळ आली असं समजा.

पाखरांसाठी पाण्याचं पसरट भांडं ठेवा आणि दर तीन दिवसांनी ओतून घासा, म्हणजे डासांच्या अळ्यांना पूर्ण वाढायला वेळ मिळत नाही. दगड-लाकडांचा ढीग सरडे आणि किड्यांसाठी चांगला, पण तो वर्गापासून लांब असू द्या आणि तिथं मुलांनी हात घालायचा नाही हा नियम करा. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं तीन-तीन फूट गवत पावसाळाभर कापत राहा. नाग-घोणस आले तर लगेच दिसले पाहिजेत.

खुरपणीला नवी माणसं येतात आणि तणाबरोबर रोपंही काढतात. प्रत्येक रोपाशेजारी चुना लावलेली काठी रोवा. पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा: कडुनिंब-बेवू, जांभूळ-नेरळे, चिंच-हुणसे. मुलं दोन्ही लिपी शिकतातच, आणि शेजारच्या गल्लीतले कन्नड पालकही मग हातभार लावायला येतात.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर, माती ओली असतानाच, उसाचं पाचट किंवा भाताचं पिंजर बुंध्याभोवती चार बोटं जाड पसरा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, कारण वाळवी पाचटातून सरळ सालीवर चढते. त्याच दिवशी मेलेली रोपं मोजा, मरण्याचं कारण वहीत लिहा आणि पुढच्या जूनची मागणी त्यावरून काढा. जिथं दोनदा रोप मेलं, तिथं तिसऱ्यांदा लावण्याआधी दोन फूट खाली उकरून बघा. बहुधा खडक, पुरलेला बांधकामाचा राडा किंवा साचलेलं पाणी सापडतं.