बाळ लहान आहे आणि काम परत सुरू करायचंय? सोशल मीडिया मार्केटिंगमध्ये शिरायचा माझा रस्ता

२०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असतं. घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून मी नोकरी सोडली. आज तीन छोट्या व्यवसायांचं इन्स्टा-फेसबुक बघते. कसं जमवलं ते नीट क्रमाने सांगते.

आधी तीन दिवस कागदावर लिहा की खरोखर मोकळा वेळ किती मिळतो. माझा निघाला दुपारी दीड तास आणि रात्री नऊनंतर एक तास, तोही तुटक. त्यामुळे काम असं निवडायचं जे तुकड्यातुकड्यात होईल. पोस्ट आज बनवून गुरुवारसाठी लावून ठेवता येते, मेटा बिझनेस सूटमध्ये (फेसबुक-इन्स्टाची पेजं एका जागी सांभाळायचं मेटा कंपनीचं अॅप) हे फुकट होतं. दिवसभर लोकांच्या मेसेजना उत्तरं द्यायचं काम मात्र सुरुवातीला घेऊच नका, बाळ रडत असताना ते होत नाही आणि मग दोन्हीकडे जीव तुटतो.

दुसरं, हजारो रुपये भरून कोर्स लावू नका. मेटा ब्लूप्रिंट आणि हबस्पॉट अकॅडमीवर फुकट कोर्स आहेत, त्यातला एकच घ्या आणि तो चालू असतानाच खरं दुकान शोधा.

माझं पहिलं दुकान म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकू, दिवाळीला भाजणीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घेतात. त्या ट्यूबलाइटखाली स्टीलच्या डब्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्या. मी दुपारी चारला ताट खिडकीपाशी ठेवलं, मोबाइल उभा धरला, सोऱ्यातून चकली कागदावर गोल पडते ते घेतलं, मग ती तेलात सोडताना, आणि शेवटी एक चकली कानाजवळ मोडली तसा आवाज. गाणं लावलंच नाही, बिझनेस अकाउंटवर सिनेमाची बरीचशी गाणी मिळतही नाहीत, आणि तेलाच्या आवाजापुढे गाण्याची गरज नव्हती. पहिल्या कॅप्शनमध्ये मी लिहिलं ‘कुरकुरीत, खमंग, घरची चव’, लाइक आले, ऑर्डर एकही नाही. दुसऱ्यात लिहिलं अर्धा किलोचा भाव, डिलिव्हरी कुठपर्यंत, ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्याच संध्याकाळी काकूंचा फोन वाजायला लागला. ‘भाव डीएममध्ये’ (म्हणजे खासगी मेसेज करून विचारा) असं कधीही लिहू नका, बायका विचारत बसत नाहीत, पुढे जातात. काकूंना व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग करून दिला आणि ठरलेली उत्तरं सेव्ह करून ठेवली, त्यामुळे त्यांचाही वेळ वाचला.

हे पहिलं काम फुकट केलंत तरी चालेल, पण महिनाभरच, आणि पहिल्या दिवशी इनसाइट्सचा, म्हणजे अकाउंटचे आकडे दिसतात त्या पानाचा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. महिन्याने परत काढा. किती लोकांपर्यंत पोचलं, किती जणांनी सेव्ह केलं, किती ऑर्डरी आल्या, हे कॅनव्हावर (डिझाइन करायचं अॅप) दोन पानांत मांडलं की तुमचा पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायला केलेल्या कामाचा नमुना, तयार. मला पुढचं काम, एका ब्युटी पार्लरचं, त्या दोन पानांवरच मिळालं. बायोडेटामध्ये मधली वर्षं लपवू नका, ‘पूर्णवेळ बाळाची जबाबदारी’ असं सरळ लिहा.

पैशाचं आधी बोला, आणि ओळखीत तर नक्कीच. महिन्याला पोस्ट किती, रील किती, बदल किती वेळा करून देणार, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि अर्धे पैसे आधी. जाहिरातीचा खर्च क्लायंटच्याच कार्डावरून जाऊ दे, त्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो, तो तुमच्या फीमध्ये मिसळला की हातात काही उरत नाही. त्यांचा पासवर्डही घेऊ नका, बिझनेस सूटमधून अॅक्सेस मागा. मी एकदा पासवर्ड घेतला आणि रात्री अकराला ओटीपीसाठी त्यांना उठवावं लागलं, तेव्हापासून बंद.

एक गोष्ट कळकळीने सांगते. घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, असले टेलिग्रामवरचे मेसेज आपल्यासारख्या घरी असलेल्या बायकांना बरोबर गाठतात. काम देणारा पैसे मागत असेल तर ते काम नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

दोन-तीन क्लायंट झाले की कॅलेंडर घेऊन बसा. मोदकांच्या पोस्ट श्रावणातच तयार हव्यात, फराळाच्या नवरात्रात. शिवाय प्रत्येकाच्या दहा जास्तीच्या पोस्ट कायम तयार ठेवा. मागच्या पावसाळ्यात माझ्या मुलाला चार दिवस ताप होता, मी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही, आणि तिन्ही पेजवर रोज सकाळी नऊला पोस्ट जात होती.