साथीदाराच्या तोंडचे प्रेरक वाक्य कसे वाचावे

कथेतील नायकापेक्षा त्याच्या साथीदाराची वाक्ये लोकांना अधिक आपलीशी वाटतात, आणि म्हणूनच ती शुभेच्छापत्रांवर, वर्गातील फळ्यांवर आणि भाषणांच्या शेवटी वारंवार भेटतात. परंतु साथीदार जगाला उद्देशून क्वचितच बोलतो. तो समोरच्या एका माणसाशी, त्या माणसाच्या एका विशिष्ट अवस्थेत बोलत असतो. ती अवस्था नजरेआड झाली की वाक्याचा अर्थ सरकतो, आणि पुष्कळदा मूळ आशयाच्या अगदी विरुद्ध बाजूला जाऊन पोहोचतो. असे वाक्य कसे तपासावे, हे येथे मुख्यतः एकाच उदाहरणावरून पाहू: 'या जगात काहीतरी चांगले आहे, मिस्टर फ्रोडो, आणि त्यासाठी लढायलाच हवे.' दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला त्याचा साथीदार सॅम गॅमजी हे सांगतो, आणि त्याचे हे उद्गार 'शेवटी चांगल्याचाच विजय होतो' या अर्थाने सर्रास वापरले जातात. सॅमने तसे म्हटलेले नाही.

पहिले काम म्हणजे वाक्याचे मूळ ठिकाण शोधणे. हे वाक्य इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या नावावर दिले जाते, पण त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत ते नाही. ते पीटर जॅक्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या, २००२ साली प्रदर्शित झालेल्या 'द टू टॉवर्स' या चित्रपटातले आहे. कादंबरीच्या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या खंडात सॅम याच विषयावर बोलतो, मात्र निराळ्या जागी: शत्रूच्या देशाकडे नेणाऱ्या सिरिथ उंगोल या खिंडीच्या पायऱ्या चढून आल्यावर, खडकांमधल्या एका अंधाऱ्या फटीत तो आणि फ्रोडो विसावा घेत असताना. चित्रपटाने त्या संभाषणातला काही भाग ऑस्गिलिआथ या उद्ध्वस्त नगरातील प्रसंगात आणला आणि त्याला नवा शेवट दिला. त्यामुळे आपल्याला दोन्ही प्रसंग वाचायला मिळतात, आणि ही खरोखर मोठी सोय आहे, कारण पुस्तकातला सॅम जे उघडपणे बोलतो ते चित्रपटातल्या वाक्यावर प्रकाश टाकते.

त्यानंतर वाक्याच्या आधीचे एक मिनिट पाहावे. माझ्या मते या संपूर्ण पद्धतीत सर्वाधिक फळ देणारी पायरी हीच आहे. ऑस्गिलिआथमध्ये अंगठीच्या प्रभावाखाली गेलेला फ्रोडो शत्रूच्या उडत्या दूतासमोर जाऊन उभा राहतो. सॅम त्याला मागे खेचतो, दोघे पायऱ्यांवरून गडगडत खाली येतात, आणि फ्रोडो स्वतःच्या मित्राच्याच गळ्याला तलवार लावतो. सॅम त्याला आपली ओळख पटवून देतो, तेव्हा कुठे तो भानावर येतो आणि आपल्याच्याने हे होणार नाही असे सांगतो. यावर सॅमचे पहिले उत्तर 'होईल, हिंमत धर' असे नाही. तो मान्य करतो की हे त्यालाही ठाऊक आहे, हे सारे चुकीचे घडले आहे, खरे तर आपण दोघांनी येथे असायलाच नको होते. समोरच्याची असमर्थता आधी स्वीकारून मगच तो जुन्या कथांविषयी बोलू लागतो. त्या कथांतील माणसांना माघारी फिरण्याच्या अनेक संधी होत्या, पण ती फिरली नाहीत, कारण ती कशाला तरी धरून होती, असे तो म्हणतो. मग आपण कशाला धरून राहिलो आहोत, असे फ्रोडो विचारतो, आणि ते प्रसिद्ध वाक्य या प्रश्नाचे उत्तर म्हणून येते. सुविचार म्हणून ते छापताना प्रश्न तर जातोच, पुष्कळदा मधले 'मिस्टर फ्रोडो' हे संबोधनही गाळले जाते, आणि मग थकलेल्या मित्राला दिलेल्या उत्तराची सर्वांसाठीची घोषणा होते.

बोलणाऱ्याला त्या क्षणी काय ठाऊक आहे, हेही स्वतंत्रपणे विचारावे. सॅमचे बोलणे चालू असताना पडद्यावर त्यांच्या बाजूच्या लोकांनी हेल्म्स डीप या किल्ल्यावर जिंकलेली लढाई आणि आयझेनगार्ड या शत्रूपक्षाच्या ठाण्याचा पाडाव दिसतो, त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात शब्द आणि विजय एकत्र बांधले जातात. पण सॅमला यातले काहीही माहीत नाही. दूरवर कोण जिंकले याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही, आणि तो बोलतो ते निकाल अज्ञात असताना. पुस्तकात तर तो स्पष्टच सांगतो की जे पुढे चालत राहिले त्या सर्वांचा शेवट चांगला झाला असे नाही, निदान कथेच्या आत असलेल्यांना चांगला वाटेल असा नाही.

यानंतर कथेचा शेवट पाहून आपला अर्थ ताडून घ्यावा. सॅम आणि फ्रोडो यांची मायभूमी असलेले शायर वाचते, पण फ्रोडोच्या जखमा भरून येत नाहीत. शायर वाचले, मात्र माझ्यासाठी नाही, असे तो सॅमला सांगतो आणि तो देश कायमचा सोडून जातो. 'चांगल्याचा विजय होतो' हा अर्थ या शेवटापुढे टिकत नाही. 'निकाल काहीही लागो, हे जपण्याजोगे आहे' हा अर्थ टिकतो. लेखकाची पार्श्वभूमीही याला दुजोरा देते. १९१६ साली सोमच्या लढाईत असलेल्या टॉल्किन यांनी सॅममध्ये पहिल्या महायुद्धात भेटलेल्या साध्या इंग्रज सैनिकांचे आणि अधिकाऱ्यांच्या सेवेतील शिपायांचे प्रतिबिंब असल्याचे लिहिले होते, आणि ती माणसे आपल्यापेक्षा कितीतरी श्रेष्ठ होती असेही म्हटले होते.

हाच क्रम अन्य वाक्यांना लावून पाहावा. 'फाइंडिंग निमो' (२००३) या चित्रपटातील डोरी या माशाचे 'फक्त पोहत राहा' हे एकट्याने नेट लावण्याचे सूत्र मानले जाते. प्रत्यक्षात हरवलेल्या मुलाच्या शोधातला एकमेव धागा असलेला पाणबुड्याचा चष्मा खोल अंधारात बुडालेला असतो, मुलाचा बाप मार्लिन खचलेला असतो, आणि काही ऐकून घेण्याची त्याची तयारी नसते; अशा वेळी डोरी ते गुणगुणत त्याच्यासोबत खाली उतरते.

वाक्य कोणाला पाठवायचे झाले तर एवढे मात्र अवश्य करावे: सॅमने जे आधी म्हटले ते आपणही आपल्या शब्दांत आधी लिहावे, म्हणजे समोरच्याचे दुःख खरे आहे आणि त्याच्यावर हे ओढवायला नको होते, हे मान्य करावे, त्यानंतर आपण स्वतः त्याच्यासाठी काय करणार आहोत हे सांगावे, आणि मग जागा उरली तर ते वाक्य संबोधनासह, मधल्या नावाच्या ठिकाणी त्या माणसाचे नाव घालून लिहावे.