सायकली नेणारी आणि बर्फात चालणारी गाडी कशी निवडावी

एप्रिल महिन्यात कोलोरॅडोत फ्रुटाच्या पायवाटा कोरड्या असतात, माउंटन बाइकिंगला अगदी योग्य. पण डेन्व्हरहून तिथे पोचायला आय-७० महामार्गावरून सुमारे ४०० किलोमीटर जावं लागतं, आणि वाटेत ११,१५८ फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा आणि मग व्हेल पास येतो. तिथे एप्रिलमध्येही बर्फाचं वादळ होतं. डेन्व्हर-बोल्डर भागात नव्याने आलेली मंडळी गाडी घेताना आधी मॉडेल पसंत करतात आणि सायकली कुठे ठेवायच्या ते नंतर बघतात. क्रम उलटा हवा.

पहिली पायरी: सायकलींचं वजन करा

घरातली प्रत्येक सायकल वजनकाट्यावर घ्या. साधी माउंटन बाइक १४-१५ किलोची असते, इलेक्ट्रिक सहज २५ किलोची. पुढचे बरेच निर्णय या आकड्यावरच ठरतात.

दुसरी पायरी: सायकली कुठे ठेवायच्या ते ठरवा

टपावरचा रॅक स्वस्त पडतो, मागचं दार मोकळं राहतं. पण दिवसभर सायकल चालवून दमल्यावर १५ किलोची सायकल डोक्यावर उचलायची, वाऱ्यामुळे जास्त पेट्रोल जाळायचं, आणि घरी आल्यावर टपावर सायकल आहे हे विसरून गॅरेजमध्ये शिरायचं नाही! उंच एसयूव्ही असेल तर टपाचा विचार सोडाच.

माझं मत स्पष्ट आहे: मागच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जोडणीवर बसणारा, चाकं धरून ठेवणारा प्लॅटफॉर्म रॅक घ्या. गाडी घेण्याआधी तिच्या मॅन्युअलमध्ये 'टंग वेट' शोधा, म्हणजे हिच वरून किती भार पेलते तो आकडा. तो साधारण ओढण्याच्या क्षमतेच्या दहा टक्के असतो. १,५०० पौंड ओढणाऱ्या गाडीत तो होतो १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. आता हिशेब करा: दोन इलेक्ट्रिक सायकली ५० किलो, रॅक २३-२४ किलो. झालं, मर्यादा ओलांडली. काही गाड्यांना तर हिच लावायची परवानगीच नसते. हिचचं तोंड दोन इंची मिळालं तर उत्तम, सव्वा इंचीवर जड रॅक बसत नाहीत.

बर्फाच्या दिवसांत मागच्या सायकलींवर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी उडतं आणि साखळी गंजू लागते. त्यामुळे हिवाळ्यापुरत्या तरी सायकली आत मावल्या तर फार बरं. प्रौढांची सायकल सहा फुटांच्या आसपास लांब असते, पुढचं चाक काढलं की बरीच आखूड होते. सीट पाडून आतली जागा टेपने मोजा.

तिसरी पायरी: टायरचे पैसे आधी बाजूला काढा

ऑल-व्हील ड्राइव्ह असली की बर्फाची चिंता मिटली, हा समज धोकादायक आहे. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते आणि चढते. ब्रेक लावताना आणि वळताना मात्र फक्त टायरची पकड कामी येते. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह बघा. नुसतं 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो टायर बर्फातल्या पकडीच्या चाचणीत उतरला आहे असं समजू नका.

आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे नियम कडक असतात. ऑल-व्हील ड्राइव्ह असली तरी टायरच्या खाचा किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर खोल हव्यात. चांगल्या हिवाळी टायरची, पण फक्त दोन चाकांना ताकद मिळणारी गाडी ही झिजलेल्या टायरच्या ऑल-व्हील ड्राइव्हपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

चौथी पायरी: आता मॉडेल

दोघांसाठी सुबारू आउटबॅक चांगली: जमिनीपासून ८.७ इंच उंच, मागे लांब जागा. मुलं आणि चार सायकली असतील तर ऑल-व्हील ड्राइव्हची टोयोटा सिएना. ती जमिनीला जवळ असते, त्यामुळे बर्फ न हटवलेल्या रस्त्यावर जपून, पण महामार्गावर प्रश्न येत नाही. मधल्या सीट निघत नाहीत, पुढे सरकतात, हे ध्यानात ठेवा. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन बोगद्याच्या उंचीवर जवळपास तीस टक्के ताकद गमावतं, म्हणून भरलेल्या गाडीसाठी टर्बोला पसंती द्या. त्याच मॉडेलमध्ये लहान रिमचा प्रकार घ्या. हिवाळी टायर स्वस्त पडतात, आणि बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. पण मॅन्युअलमध्ये खात्री कराच.

पाचवी पायरी: सायकल घेऊन शोरूमला जा

सेल्समनला थोडं थांबवा आणि स्वतः सायकल आत घालून बघा. रॅक उपलब्ध असेल तर तो लावून मागचं दार उघडतं का, नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात का ते पाहा. जुनी गाडी असेल तर वाकून खालचा गंज तपासा आणि चारही टायरची झीज मोजा. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर जवळपास सारखे झिजलेले लागतात. एकच खराब असला तरी कदाचित चारही बदलावे लागतील, तेव्हा तो खर्च किंमत ठरवतानाच मालकाशी बोलून घ्या.