न वापरलेल्या विंडो आपोआप बाजूला कशा करायच्या

सकाळी दोन विंडो उघडलेल्या असतात आणि दुपारपर्यंत त्यांच्या वीस होतात, मग हवी ती फाइल शोधायला ऑल्ट टॅब दाबत बसा. हे काम कॉम्प्युटरवरच सोपवता येतं, पण आधी एक पक्कं करा, विंडो बंद करायच्या नाहीत, फक्त मिनिमाइज करायच्या. बंद झाली तर सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं, मिनिमाइज केलेली एका क्लिकवर परत येते.

मॅकवर सोपं आहे. डेव्हलपर मार्को आर्मेंट यांचं क्विटर नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात प्रत्येक अ‍ॅपसाठी सांगायचं की इतकी मिनिटं हात लागला नाही तर लपव किंवा बंद कर. मी तरी 'लपव'च निवडा म्हणेन.

विंडोजमध्ये अशी आयती सोय नाही, तिथे ऑटोहॉटकी लागतं, म्हणजे आपण लिहिलेल्या छोट्या सूचना (स्क्रिप्ट) चालवणारा प्रोग्राम, तोही फुकटच. आवृत्ती 2 घ्या. स्क्रिप्टचं डोकं एवढंच: सेटटायमर ही कमांड लावून दर 30 सेकंदांनी बघायचं की आत्ता कुठली विंडो समोर आहे, तिच्यापुढे आत्ताची वेळ लिहायची, मग विनगेटलिस्ट या कमांडने सगळ्या विंडोंची यादी घ्यायची, नवीन दिसली तर तिलाही आत्ताचीच वेळ द्यायची (हे विसरलात तर पहिल्याच फेरीत सगळं खाली जातं) आणि जिची वेळ 10 मिनिटांपेक्षा जुनी तिला विनमिनिमाइज कमांडने खाली पाठवायचं. वेळ मिलिसेकंदांत मोजली जाते म्हणून तिथे 600000 लिहायचं. नाव नसलेल्या विंडो आणि 'प्रोग्राम मॅनेजर' वगळा, तो म्हणजे खुद्द डेस्कटॉप. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या विंडोवर साध्या स्क्रिप्टचं काही चालत नाही, त्याही सोडून द्या. सगळं नीट चाललं की स्क्रिप्टचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका, म्हणजे लॉगिन केलं की ती आपोआप चालू होईल.

खरी मेख पुढे आहे. कॉम्प्युटरला तुमचे डोळे दिसत नाहीत, त्याला फक्त समोर कुठली विंडो आहे ते कळतं. डावीकडे पीडीएफ उघडी आहे, तिच्यातले आकडे बघून तुम्ही उजवीकडे एक्सेलमध्ये भरताय, पीडीएफला पंधरा मिनिटं क्लिक नाही, आणि ओळ अर्धी भरलेली असताना ती गायब! म्हणून अपवादांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा: पीडीएफ रीडर, व्हिडिओ प्लेअर, मीटिंगचं अ‍ॅप. आणि सुरुवातीला 10 नाही, 30 मिनिटं ठेवा, त्रास होत नाही असं दिसलं की मग कमी करा.

स्क्रिप्टच्या भानगडीत पडायचं नसेल तर विंडोज की आणि होम एकत्र दाबा, समोरची सोडून बाकी सगळ्या खाली जातात, परत तेच दाबलं की वर येतात. मॅकवर बाकीची अ‍ॅप लपवायला कमांड, ऑप्शन आणि एच.

मिनिमाइज केल्याने रॅम मोकळी होत नाही हं, त्यासाठी ब्राउझरमधलं मेमरी सेव्हर (न वापरलेल्या टॅबची मेमरी मोकळी करणारी सोय) चालू आहे ना ते वेगळं बघावं लागतं.