लिथियमची विषबाधा कशी ओळखावी आणि घरच्यांनी काय करावे

बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल निराशेत जाणाऱ्या विकारात, १९४९ पासून वापरात असलेल्या लिथियमने असंख्य माणसांचे संसार सावरले आहेत. मात्र त्याच्या उपयोगी आणि घातक पातळीत अंतर फार थोडे असते. रक्तातील पातळी साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोलच्या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या पुढे धोका वाढतो. गोळी ठरल्याप्रमाणे घेणाऱ्यालाही विषबाधा होऊ शकते, कारण लिथियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि शरीरातले पाणी किंवा मीठ घटले की मूत्रपिंडे ते धरून ठेवतात.

म्हणून आधी प्रसंग ओळखावेत. जुलाब-उलट्या, ताप, मे महिन्यातले ऊन, निर्जळी उपास, अचानक सुरू केलेले अळणी जेवण, रक्तदाबाची काही औषधे आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, या सगळ्यांनी पातळी चढू शकते. माझ्या मावशीच्या बाबतीत गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्याच कारण ठरल्या, आणि चार दिवस आम्ही तिला ऊन बाधले असे समजून सरबत देत राहिलो.

त्यानंतर हात, जीभ आणि चाल पाहावी. लिथियम घेणाऱ्या अनेकांची बोटे मुळातच किंचित थरथरतात, त्याने घाबरू नये. पण काल कपबशी नीट धरणाऱ्या माणसाच्या हातून आज बशीत चहा सांडू लागला, बोलणे जड झाले, पाऊल झोकांड्या खात पडू लागले, सोबत मळमळ, जुलाब किंवा गुंगी आली, तर तो अशक्तपणा किंवा मूळ आजार उलटल्याचे लक्षण मानून वाट पाहू नये.

अशा वेळी लिथियमची पुढची गोळी देऊ नये आणि मानसोपचारतज्ज्ञांना लगेच फोन करावा. ते भेटले नाहीत तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. माणूस बरळत असेल, उभा राहू शकत नसेल, झटके आले किंवा शुद्ध हरपत असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि शक्यतो डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. घरी उलटी करवू नये, गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. जास्त गोळ्या घेतल्याचा नुसता संशय असला, तरी त्रास दिसत नाही म्हणून थांबू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

निघताना घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटे, दुखण्याच्या गोळ्यांसकट, पिशवीत घ्यावीत आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहावे. अपघात विभागात पोहोचताच ‘हे लिथियम घेतात’ असे स्पष्ट सांगून पातळी तपासण्याची विनंती करावी. वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांत आकडा फार मोठा नसतानाही त्रास गंभीर असू शकतो, त्यामुळे आकडा ऐकून लक्षणे सांगायची थांबू नये.

बरे वाटल्यावर लिथियम आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये, तसेच कायमचे बंदही करू नये, कारण ते एकाएकी सोडल्यास आजार उफाळू शकतो. रात्री-अपरात्री मन खचले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पुढची तपासणी ठरली की गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचे असते. तेव्हा आदल्या रात्रीची वेळ औषधांच्या डब्याच्या झाकणावरच लिहून ठेवावी.